अधिक माहितीसाठी संपर्क

पहिला मसुदा झिगुर्ड्सने उभ्याउभ्या वाचला,
अंगावरचा ओला कोट न काढता.
नमनालाच घडाभर तेल, म्हणाला,
आणि वरच्या तीन ओळी कापल्या:
बाल्टिक किनाऱ्यावरची अग्रगण्य,
तीन पिढ्यांच्या विश्वासास पात्र,
गुणवत्तेशी तडजोड न करणारी.
"यातलं काय खाऊन माणूस आजारी पडणार आहे?"
बोट सरकत सातव्या ओळीवर आलं.
तिथे होतं, मध्येच कुठेतरी, लाजल्यासारखं:
कृपया हे डबे खाऊ नयेत.

तो पूर्वी लिएपायाच्या बंदरात
रेडिओवर हवामान सांगायचा.
"आधी वादळ. मग दिशा. मग वेग.
होडीतला माणूस शेवटपर्यंत ऐकत नाही,
त्याच्या हातात जाळं असतं.
कंपनीची स्थापना त्याला घरी पोचल्यावर सांग.
पोचला तर."

एका खेदावर अर्धा तास गेला.
खेद आहे, खेद वाटतो, खेद व्यक्त करण्यात येत आहे.
"कुणाकडून?" तो विचारायचा,
वाक्यात वाकून, आत कुणी सापडतंय का बघत.

अवतरणात संचालकांचं बोलणं लागतं.
मी लिहिलं होतं: ग्राहकांची सुरक्षितता हाच आमचा श्वास.
"हे ते कधी म्हणाले?"
म्हणाले नव्हते. ते रीगाला होते, दात काढायला.
"मग ज्यानं खरंच काही म्हटलंय, त्याला गाठ."

म्हणून मी धुरीघरात गेले.
औस्त्रा.
एकतीस वर्षं मासे निजवते डब्यात,
एकाच्या डोक्याला दुसऱ्याचं शेपूट.
दोष तिनंच पकडला होता,
प्रयोगशाळेच्या दोन दिवस आधी.
"झाकणाला टिचकी मारली की ते बोलतं,"
हात न थांबवता ती म्हणाली,
"मंगळवारची बद्द वाजत होती."

मी ते जसंच्या तसं घातलं.
झिगुर्ड्सनं चष्मा पुसला, बोलला काही नाही.
ही त्याची शाबासकी.
वकिलानं मात्र लाल रेघ ओढली.
बद्दच्या जागी आलं: मानकांपासून विचलन.
औस्त्राच्या जागी: अंतर्गत तपासणी.
पहिली ओळ तेवढी मी सोडली नाही.
साडेचारला पत्रक गेलं.

तळाशी होतं, कुणीच हात न लावलेलं:
अधिक माहितीसाठी संपर्क,
विज्मा स्ट्राउतमाने,
आणि माझा नंबर.

सहा वाजून दहा मिनिटांनी तो वाजला.
कुल्दीगाहून एक म्हातारी.
"पोरी, मी चार डबे संपवलेत. बोक्यानं अर्धा.
आता?"

पत्रकात यावर ओळ नव्हती.
मी वाचून दाखवू लागले, दुसऱ्या परिच्छेदात थांबले.
पोटात दुखतंय? नाही.
बोका? झोपलाय, नेहमीसारखा.
तरी डॉक्टरांना आत्ताच फोन करा, म्हटलं, मी नंबर देते.
घरात अजून डबा आहे? दोन आहेत.
उघडू नका. एक उचला.
झाकणावर टिचकी मारा.
फोन जवळ धरा.

मी कान देऊन बसले.