खोकला

चूल पेटायच्या आधी मी तुझ्याशी बोलते.
नंतर नाही जमत.
नंतर किटली असते, कोंबड्या असतात,
ओहोटी कुणासाठी थांबत नाही
आणि शिंपल्यांचा खरेदीदार तर मुळीच नाही.

लाकूड ओलं आहे.
आमच्या चिलोएत लाकूड ओलंच असतं, पायमोजेही.
फुंकर मारत मारत मी एकेक नाव घेते.
रोसामेल, सामन माशांच्या कारखान्यात रात्रपाळीला.
बर्फात त्याची बोटं सुन्न पडतात, तेवढं बघ.
येस्ना, पार दक्षिणेला, पुंता अरेनासला. फोन करत नाही.
सुखात असेल तर राहू दे, नाही केला तरी चालेल.
पाद्रे, वर्षातून दोनदा लाँचनं येतात
आणि दोन्ही वेळा धक्क्यावर उतरून आधी ओकतात.
एदुविनाचे गुडघे.
तांबडी कोंबडी. हसू नकोस.
माझा नवरा तर तुझ्याचकडे आहे,
त्याला म्हणावं टोपी घाल.

मग एक नाव यायचं असतं.
तिथे मी खोकते.

नऊ वर्षं खोकते आहे.
पाठचा भाऊ माझा.
बटाट्याच्या शेतातलं कुंपण त्यानं
एका रात्रीत दोन पावलं माझ्याकडे सरकवलं.
दोनच. मी मोजली, आमच्या बापाच्या बुटांनी.
दोन पावलांत किती बटाटे मावतात
ते तुलाही तोंडपाठ नसेल.
मला आहे : बऱ्या साली पावणेदोन पोती.

तू शिकवलेल्या प्रार्थनेत ती क्षमेची ओळ येते ना,
तिथून मी भरभर जाते,
ओहोटीच्या चिखलातून जावं तशी.
थांबलं की बूट रुततो.

परवा संध्याकाळी देवळात जपमाळ होती.
पाद्रे नसताना किल्ली सांभाळणारे
आमचे म्हातारे फिस्काल बेलार्मिनो म्हणाले,
आता आपापल्या माणसांसाठी,
मनातल्या मनात.
सगळे गप्प झाले.
छपराच्या लाकडी खवल्यांवर पाऊस,
आणि एका मेणबत्तीची चरचर.
मी सुरू केलं. रोसामेल. येस्ना. पाद्रे. गुडघे.
कोंबडी वगळली, देवळात बरं दिसत नाही.
टोपी.
आणि खोकले.

तोच पुरुषांच्या बाजूनं,
मागून तिसऱ्या बाकावरून
दुसरा खोकला आला.

ती छाती मला ठाऊक आहे.
लहानपणी डांग्या खोकल्यात मीच तिला चरबी चोळली होती.
हा आजाराचा नव्हता.
कोरडा, नेमका,
चार ठोक्यांचा खोकला.
एर्-सी-लि-या.
माझ्या नावाच्या मापाचा.

मी हसले. मोठ्यानं.
एदुविनानं कोपर मारलं, बेलार्मिनोंनी चश्म्यावरून पाहिलं,
तो मात्र टोपी चुरगाळत खाली बघत राहिला.

म्हणजे नऊ वर्षं
रोज पहाटे कुंपणाच्या दोन्ही अंगांनी
तुझ्याकडे दोन खोकले येत होते
आणि तू, आमचा बाप म्हणवणारा,
एकाचं दुसऱ्याला कधी सांगितलं नाहीस!
मला वाटायचं तुला ऐकू येत नाही.
आता वाटतं, तुला फारच ऐकू येतं.

आज चूल घातली.
नावं घेत घेत त्या जागी आले.
खोकला घशात तयारच होता, सवयीचा,
त्याला गिळलं.
म्हटलं,
औ

मग धूर डोळ्यांत गेला.
खरंच गेला. लाकूड ओलं आहे, सांगितलं ना.

कुंपण आहे तिथेच आहे. उजाडल्यावर जाऊन पाहिलं.
एक खांब कुजलाय, पण तो आधीपासूनच.
उरलेली अक्षरं उद्या बघू.
तेवढी कोरडी काटकी मिळू दे.

आमेन. किटली उतू चालली.