कापूस

रबाळ्याच्या कंपनीत, क्लोरीनच्या खात्यात
एकतीस वर्षं मी दाढी करून गेलो.
हौस नव्हती. गेटवर सबनीस उभे असायचे,
चिमटीत कापसाचा पुंजका धरून.
गालावरून एकदा खाली, एकदा वर.
तंतू अडकला की माणूस बाहेर.

बाहेर म्हणजे नळाजवळ. तिथं पारा उडालेला आरसा,
कुणाकुणाच्या हातून झिजलेली साबणाची चकती
आणि पगारातून कापला जाणारा पत्तीचा रुपया.
"मास्क केसांवर बसत नाही," एवढंच म्हणायचे सबनीस,
"आणि वायू विचारत नाही, आज सोमवार आहे का, श्रावण आहे का."

त्यामुळं श्रावण आम्ही पाळलाच नाही.
शनिवार नाही, अमावस्या नाही.
लेकीच्या बारशादिवशी बायको म्हणाली, आज तरी नको.
मोरीत पाठमोरा उभा राहून उरकली.

माझी पद्धत सांगतो.
पाणी कढत. ब्रश गोल फिरवायचा नाही,
खालून वर टोचत न्यायचा, म्हणजे केस उभे राहतात,
वर्गात साहेब तपासणीला आल्यासारखे.
पहिला हात केसांच्या कलानं, दुसरा उलटा.
डाव्या जबड्याखाली भोवरा आहे,
तिथल्या केसांना दिशाच नाही.
तिथं मान छताकडं, श्वास बंद, पत्ती आडवी.
मग तुरटी. झोंबली तर समजायचं, कुठंतरी घाई झाली.

बामा भोईर तळवलीचा.
त्याचे वडील गेले, रजा मिळाली तीन दिवस.
दहाव्यापर्यंत पत्ती लावणार नाही, म्हणाला.
सबनीसांनी त्याला स्टोअरला बसवलं, नटबोल्ट मोजायला.
सहाव्या रात्री, तिसऱ्या पाळीत
एका जॉइंटनं दम सोडला
आणि दाराशी टांगलेला मास्क बामानं
सहा दिवसांच्या खुंटांवर ओढला.
कडेनं गेला आत. फार नाही.
गवताच्या काडीएवढा.

वाचला. आवाज गेला.
सकाळी सबनीसांनी कापूस खिशातून काढलाच नाही.
आम्हीच एकामागून एक
गाल पुढं करून उभे होतो.

रिटायर होऊन आता अकरा महिने.
निनादची कंपनी ऐरोलीला, काचेची.
त्याच्या दाढीला तेल आहे, लाकडी फणी आहे,
कोपरखैरण्याला एक खुर्ची आहे, जिथं तो
माझ्या वर्षभराच्या पत्त्यांचे पैसे एका तासात देऊन येतो.
"पप्पा, आता ठेवा की. तुम्हाला शोभेल."

ठेवली. आठ दिवस.
पांढरी निघाली, तेवढी नाही वाटलं होतं.
भोवरा एकटाच वाकडा उभा राहिला.
आठव्या रात्री बायकोनं दिवा लावला.
मी पलंगावर बसून
दोन्ही तळव्यांनी चेहऱ्याच्या कडा दाबत होतो,
कानाखाली, हनुवटीखाली,
कुठून येतंय ते शोधत.
पाच दहाला नळ सोडला.

रविवारी तळवलीला जातो.
बामा खाडीच्या बांधावर बसलेला असतो,
दाढी छातीपर्यंत, त्यात वाऱ्यानं अडकलेलं काहीबाही.
त्या रात्रीनंतर त्यानं पत्ती धरली नाही.
मी काही बोललो नाही, तरी घोगऱ्या कुजबुजीत म्हणतो,
"आता कोनाला दाखवाचाय थोबार?"
मग माझ्या गालावरून बोटाची मागची बाजू फिरवतो,
वर, खाली,
आणि मान डोलावतो. पास.

औषधाच्या दुकानातून कापसाचं बंडल मीच आणतो.
बायकोला वाटतं वातींसाठी. वातीही होतात.
तुरटी सुकली की एक पुंजका तोडतो,
दार लावून.
खाली. वर.
आज भोवऱ्याशी एक तंतू राहिला.
पाणी अजून कोमट होतं.