मध्यंतरापर्यंत

अण्णांना विचारू नका सिनेमा कसा होता.
म्हणजे विचारा, पण आधी चहा ठेवा,
कारण मत त्यांचं ठाम असतं
आणि सिनेमा त्यांनी अर्धाच पाहिलेला असतो.

एकोणतीस वर्षं दुसरी पाळी, रबाळ्याला, रंगाच्या कंपनीत.
वाशीत बाराचा खेळ, दीडला मध्यंतर,
सव्वादोनला तीन टाकीपाशी कंपनीची बस.
दिवे लागले की लोक वडा आणायला उठत,
अण्णा मांडीवरचा डबा घेऊन उठत ते थेट कामावर.
अर्धंच तिकीट घ्या म्हणून एकदा
डोअरकीपरशी हुज्जतही घातली होती त्यांनी.

म्हणून त्यांच्या हिशेबी
तो गोड बोलणारा वकील अजून देवमाणूस आहे.
जुळ्या भावांची गाठ पडलेली नाही.
आणि शिवणयंत्रावर वाकलेल्या सगळ्या आया
धडधाकट आहेत,
खोकतात थोड्या, इतकंच.

शेजारचे चिकणे काका तापतात.
"अहो, तो वकीलच खुनी निघतो शेवटी!"
अण्णा बशीत चहा ओततात.
"तुम्ही बसून राहिला, म्हणून निघाला.
मी उठलो तवा भला माणूस होता."

मी उलटी. पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान.
कोण गेलं, कोण कुणाला टाकून गेलं
ते एकदा कळलं की निवांत पहिल्या पानावर येते,
माणसांकडे जरा मायेनं बघता येतं.
मैत्रिणी म्हणतात, ही काय वाचायची रीत?
मला आवडतात त्या कादंबऱ्या त्यांना रटाळ वाटतात,
त्यांच्या मला वाटतात
सेलमधल्या सोफ्यासारख्या, बसलं की करकरणाऱ्या.
असो.
अण्णांचं नि माझं मिळून एखादी गोष्ट पुरी होत असेल.

आणि ओजस, माझा लेक, मोबाईलवर किल्ले बांधतो.
बुरूज, तळं, तळ्यात बदकंसुद्धा.
शत्रूचा कर्णा वाजला की खेळ बंद.
"पुढे सगळं जळतं आई, मला माहितीये."
हे कुठून आलं ते वेगळं सांगायला नको.

निवृत्तीनंतर अण्णांना सीवूड्सच्या मॉलमध्ये नेलं.
गादीच्या खुर्च्या, सोन्याच्या भावानं लाह्या.
मध्यंतर झालं तसे उठले,
मांडीवर डबा चाचपला, नव्हता.
मी मनगट धरून खाली बसवलं.
बसले. सगळा पाहिला.
बाहेर पडल्यावर गप्प, पार्किंगमध्ये गप्प,
पाम बीचला गाडी लागली, फ्लेमिंगो बघणारे दिसले, तरी गप्प.
घराखाली उतरताना म्हणाले,
"लांबला जरा."

त्याआधी एकच गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत बसून पाहिली होती.
वाशीच्या हॉस्पिटलात, प्लास्टिकच्या खुर्चीवर,
नऊ रात्री, रजा टाकून.
तिच्याबद्दल त्यांनी कधी मत दिलं नाही.

परवा घरीच टीव्हीवर जुना सिनेमा लागला होता.
पडद्यावर पाटी आली,
अण्णांनी चपला घातल्या,
खाडीच्या बाजूला फेरी मारायला गेले.
त्यांना पुढचं दाखवायचा नाद मी सोडलाय.
एकटीच बसले, सगळं पाहिलं,
शेवट आधीच माहीत होता, तरी नाक लाल झालं.

ते आले. भाजीची जुडी ओट्यावर ठेवली.
माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं,
तिथं आता साबणाची जाहिरात.

"त्यातली म्हातारी?"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा
पुढचं विचारलं.

"आहे की," मी म्हणाले.
"साडीला पिको करत बसलीय."