बारा लिटर

चौकटीच्या वहीत मी एक पेटी आखते आहे,
बारा लिटरची.
आमचा पाण्याचा हंडासुद्धा हिच्याहून मोठा.
आणि हिच्यात बसवायचंय मला
एक सबंध जंगल, त्यातला पाऊस, त्यातली श्वापदं
आणि शनिवारची अख्खी रात्र.

मोठी पेटी का नाही, हेमराज विचारतो.
त्याचं ठीक आहे, भुसावळात क्वार्टर आहे, टेबल आहे.
मला ती सावदा-भुसावळ एसटीत
मांडीवर घेऊन बसायचीय,
शेजारणीच्या मेथीच्या जुडीला धक्का न लावता.

तर मापं.
मदरबोर्ड सतरा सेंटिमीटर, चारी बाजूंनी.
प्रोसेसरवरचा पंखा सदुसष्ट मिलिमीटरच्या आत.
ग्राफिक्स कार्ड...
इथं घोडं अडतं.
मनात भरलंय ते तीन पंख्यांचं, बत्तीस सेंटिमीटर लांब,
जाड इतकं, की बाजूच्या जाळीला
गाल लावूनच बसेल.
मावतं.
तीनदा मोजलं मी. मावतं.

पण मे महिन्यात रात्री दहालाही
माझ्या खोलीत अडतीस असतात.
पंखा आत आणून आणून काय आणणार?
तीच हवा, पत्र्यावर भाजलेली,
वर काळ्या मातीची बारीक धूळ फुकट.
कंपनीचे सगळे आकडे बावीस अंशांच्या खोलीतले.
अशी एकही खोली माझ्या ओळखीची नाही.
नाही कशी, आहे की,
जिथं मी रात्रपाळीला नोंदी करते
तो चेंबर नंबर चार.
तिथं अठरा.
पण तिथं केळी राहतात.

मुबारक तडवी चेंबरची यंत्रं बघतो,
उन्हाळ्यात गावभरचे कूलर.
त्याला पान दाखवलं.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला,
कार्डाच्या चौकोनावर ग्रीसचं बोट ठेवलं.
"मावते का हे?"
मावते, म्हटलं.
"मावणं येगळं, नांदणं येगळं.
हवा निघते कोठून?"

हवा यायच्या वाटा मी तीन काढल्या होत्या,
निळ्या पेनाने, बाण देऊन.
निघायची एकही नाही.

मग निर्यातीचं एक फाटकं खोकं घेतलं,
केळीचं, तेरा किलोचं.
त्याला गोल भोकं आधीच पाडलेली असतात.
इतकी वर्षं मोजत आले ही खोकी,
भोकं कशाला, हे कधी विचारलं नव्हतं.
कापलं, चिकटवलं, पुठ्ठ्याचंच कार्ड बसवलं,
मोबाइल चार्जरवर चालणारा पंखा लावला
आणि गेटबाहेर निंबाखाली जाऊन
(चेंबरजवळ काडी ओढायची नाही, आत इथिलीन असतो)
खोक्यात उदबत्ती खोचली.

रात्रीचा वॉचमन आला,
हात जोडले, चपला काढल्या, गेला.

धूर आत गेला सरळ,
कार्डाच्या पाठीला धडकला,
कोपऱ्यात घुटमळला
आणि आल्या वाटेने परत माझ्याच तोंडावर.
मुबारकभाई काही बोलला नाही.
त्याने खिशातली कात्री काढून दिली फक्त.

आठ सेंटिमीटर कापले मी.
एक पंखा गेला.
जंगलातली थोडी पानं गेली,
पाण्यातली झाडांची सावली बहुतेक जाईल.
वरच्या बाजूला दोन भोकं वाढवली,
आणि उदबत्ती नवी लावली.
धूर वर आला, बारीक, न अडखळता,
निंबाच्या पहिल्या फांदीपर्यंत दिसला.

दोन वाजता आत जाऊन नोंद घेतली.
चेंबर चार : सतरा पूर्णांक आठ.
क्रेटच्या दोन रांगांमध्ये चार बोटं जागा,
मालकाच्या डोळ्यात ती रोज खुपते,
अजून वीस क्रेट बसतील म्हणतो.
मी आज चारही बोटं त्या फटीत घालून पाहिली.
गार वारा नखांवरून निघून गेला.

हेमराजला कळवलं, कार्ड छोटं घेतेय.
हरशील, तो म्हणाला.
हरेन, पण मशीन बंद पडून नाही, मी लिहिलं.
त्याने हसरं तोंड पाठवलं,
आणि विचारलं, पॉवर सप्लायची जाड केबल
कुठून वळवणार?

ते अजून ठरलेलं नाही.
पुठ्ठ्यात सध्या तिथं
नाडीचा एक तुकडा ठेवलाय.