छाट

प्रिंटर गप्प झाला तेव्हा आधी मी केबल पाहिली,
मग शाई, मग कंपनीला चार शिव्या,
मग सेटिंगमध्ये शिरलो
आणि पायरी पायरीनं उतरत गेलो
आटलेल्या विहिरीत उतरावं तसा.

तळाशी सगळं बंद.
कॅमेरा बंद. माईक बंद.
'तुमचे ठिकाण जाणून घेणे' बंद.
टॉवेलची डिझाइनं काढायचं माझं नवं सॉफ्टवेअर
दारातूनच परत पाठवलेलं, सात वेळा.

विडी घरकुलातल्या आमच्या दोन खोल्यांत
या संगणकाला हात लावणारी माणसं दोनच:
मी, आणि दुपारी
मी अशोक चौकात माल दाखवायला गेलो की
तेलुगू मालिका लावणारी आई.

"पडदा काळवंडून मध्येच चौकोन येतो ना,
तो तू बंद करतेस?"

मांडीवरच्या सुपात तंबाखू, हातात कात्री.
पान कापता कापता म्हणाली,
"बंद कशाला करू? वाचते.
मग वद्दु म्हणते."

वाचते.
चौथीपर्यंतचं मराठी, काचेवर बोट ठेवून:
या अ‍ॅपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का?
"तुमच्या म्हणतंय," ती म्हणाली.
"तुम्ही म्हणून विचारतंय."

मला काही सुचेना.
आप्पांनी साखर पेठेतली खोली विकली
ते हिला तिसऱ्या दिवशी कळलं, पाण्याच्या रांगेत.
आणि तीस वर्षं, रोजच्या हजार विड्या टोपलीत घेऊन
ही कारखान्यात उभी राहायची.
चेकर मूठभर उचलायचा, न बघता बाजूला टाकायचा:
छाट.
कारण नाही. पैसे नाहीत.
त्या छाटीची पुढं विक्री व्हायची, हेही ठाऊक असायचं सगळ्या बायकांना.

खरं सांगतो, मी ती पट्टी
अगदी खाली ओढणार होतो,
'कधीही विचारू नका' लिहिलंय तिथवर.
बोट माऊसवर होतं.
पलीकडच्या गल्लीत मागांची खटखट चालू होती,
कुणाला न विचारता.

पट्टी वर नेली. पार वरच्या टोकाला.
नवं खातं उघडलं, नाव टाकलं: रुक्कम्मा.
माझ्या खात्याचे अधिकार काढले.
तिच्या नावाखाली शब्द उमटला, प्रशासक.
"म्हणजे काय?"
"म्हणजे चेकर," मी म्हणालो.
ती हसली नाही.
मला तोंड फिरवायला लावून
तिनं पासवर्ड टाकला, एका बोटानं, खूप वेळ.

मग प्रिंटरची सुनावणी झाली.
हा कुठला? काय काम करतो? किती दिवस आहे आपल्याकडं?
होय.
अडकलेली आठवड्याची बिलं त्यानं भडाभडा ओकली,
दोन जमिनीवर पडली.
कॅमेऱ्याला मात्र अजून वद्दुच.
"मी घरात कशी बसते ते त्याला कशाला?"

काल रात्री डिझाइनचं सॉफ्टवेअर पुन्हा चढवत होतो.
पडदा काळवंडला. चौकोन आला.
पासवर्ड द्या.
मी हाक मारली.
आतून भाकरी थापल्याचा आवाज,
थांबला नाही.
"येते. हात भरलेत.
तोवर नीट आठवून ठेव, कशाला पाहिजे ते."

मी खुर्चीत बसून
कारण शोधतोय.