चव

सुबराव मगदूम, गुळव्या, कागलकडचा.
सीबीएसला उतरून चालत येतो.
गळ्याला आज एकविसावा शेक.

जाळीचा मुखवटा तोंडावर आवळेपर्यंत
त्याचा हात माझ्या हातात.
मग मीही बाहेर. दार भिंतीएवढं जाड.
काचेवर तो इवलासा दिसतो,
माइकवरून म्हणते, मामा, हलू नका, झालंच.
‘झालंच’ दिवसातून साठ वेळा म्हणते मी.

पहिल्या आठवड्यात म्हणाला होता,
चुलवाणाची धग कळती वो सिस्टर,
हिचा जाळ दिसंना, धूर न्हाई.
मग कातडी सोलायला लागली.
हळद नको, खोबरेल नको, साबण नको,
कॉलर आत दुमडा.
वजन चार किलोनं उतरलं.
नाकातल्या नळीचं बोलायचं होतं, आज राहिलं.

कारण बायकोनं पिशवीतून
कागदात बांधलेला गूळ काढला.
‘मला समदी मातीच लागती आता.
तुम्ही खावा नि सांगा.
थोरल्यानं पाक उतरवलाय,
पहिल्यांदाच, माझ्याबिगर.’

ड्रेसिंगच्या ट्रेपाशी उभ्यानं खाल्ला.
बाहेर तिघं ताटकळलेले.
छान आहे म्हणणार होते,
रोज म्हणते तसं.
म्हटलं, किंचित खारट आहे, मामा.
उतरवायची घाई झाली.

तो हसला, ओठाची भेग ओली होईतो.
‘रंगावरनंच वळीखलं म्या.’
बायकोकडं बघून : ‘सांग त्याला.’

उरलेला खडा एप्रनच्या खिशात.
उद्या नऊला या, म्हटलं,
उपाशी येऊ नका.