तीन घड्यांचा फोन

विट्यात, लाँड्रीच्या फळीवर बसून
तौफिक मुलाणीनं बातमी वाचली:
तीन घड्यांचा फोन आलाय, दोन लाखाला.

रंगराव परटानं इस्त्री उभी केली.
"तीन घड्या? दोन लाख?
मी धोतराला आठ घालतो, दहा रुपयांत.
चुण्या पडत्यात का त्याला?"

"मधोमध पडतीय म्हणं एक."

"मग परत आणून टाकतील लेकाचे."

पुढची बातमी: तो मारामारीचा गेम
पुन्हा पुढं ढकलला, आता थेट दिवाळीनंतर.
तौफिकचं तोंड उतरलं. सुट्टीबी काढून ठेवलेली.

रंगरावनं कोळशावर फुंकर मारली,
खुंटीवरची सफारी दाखवली:
"ह्या गिऱ्हाइकाला मंगळवारी देतो म्हटलंय.
कुठल्या मंगळवारी,
त्यानं विचारलंच न्हाई."